नासाच्या अपोलो १ या यानातले अंतराळवीर आगीच्या वेळी दार का उघडू शकले नाहीत? ते दार आता कुठे आहे?

आतलं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं आणि आगीमुळे यानातला दाब इतका वाढला की ते माणसाच्या ताकदीने उघडणं अशक्यच होतं. २७ जानेवारी १९६७ ला जमिनीवरच्या चाचणीत लागलेल्या या आगीत ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे अंतराळवीर मरण पावले. दाबामुळे दार उघडणं अशक्य होतं, हे नासाच्या चौकशीतही नोंदलं आहे. एरवीही ते तीन भागांचं दार उघडायला किमान दीड मिनिट लागायचं. नंतर बाहेर उघडणारं, काही सेकंदांत मोकळं होणारं दार बनवलं. मूळ दार २०१७ पासून फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरच्या प्रेक्षक संकुलात आहे, जरूर पाहा. मात्र दोष एकट्या दाराचा नव्हता: यानात शुद्ध ऑक्सिजन भरलेला होता, आग भडकली ती त्यामुळे.