हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांची भीती वाटतेय?

अरे उंचीची भीती वाटते म्हणून लाजू नकोस, आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना अजून वाटते, फक्त बोलत नाहीत. पण डायरेक्ट हरिहर नको. आधी लोहगड कर, मग राजगडचा बालेकिल्ला, तिथे रेलिंग धरून चढताना खालची दरी दिसते ना, तिची जरा सवय होऊ दे. हरिहरला शनिवार-रविवार टाळच, कारण त्या कातळातल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत आणि गर्दीत मधेच लटकून थांबावं लागतं, खरी फाटते ती तेव्हा. पायऱ्यांच्या बाजूला हातासाठी खोबण्या कोरल्यात, त्यात बोटं नीट घाल आणि दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय, असे तीन टेकू कायम पक्के ठेव, चौथाच हलव. उतरताना तोंड कातळाकडे. पाय थरथरायला लागले तर थांब, दोन-चार मोठे श्वास घे, मागचे ओरडू देत. आणि "काय घाबरतोस रे" म्हणून ढकलणाऱ्या मित्रासोबत तर अजिबात जाऊ नकोस. पहिल्यांदा अर्ध्यातून परत आलास तरी चालतं, पावसाळ्यात मात्र ट्रायच करू नको, दगडावर शेवाळं असतं.