बाबा नागपुरात एकटे राहतात. घर आत्ताच माझ्या नावावर करून घेऊ का?

घाई करू नका. बाबा आहेत तोवर घर त्यांच्याच नावावर राहू द्या. मृत्युपत्र पुरेसं आहे. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. बाबांनाच हयातीत बक्षीसपत्र करून घर तुम्हाला द्यायचं असेल, तर सांभाळाची अट त्यात स्पष्ट लिहा. मग सांभाळ झाला नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरण ते रद्द करू शकतं.

मला मात्र घरापेक्षा बाबांचीच काळजी वाटते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो आणि बरीच वडीलधारी मंडळी बिलाच्या धास्तीने भर दुपारी कूलर बंद ठेवतात. एप्रिल लागण्याआधी चार दिवस जाऊन या, कूलरची खस बदला, पंप तपासा, विजेचं बिल तुमच्या खात्यातून भरा. घराचा विषय त्यांनी काढला तरच बोला.