वळताना कटकट, सरळ जाताना गप्प

प्रश्न: नमस्कार भाऊ. वडिलांनी 1978 साली घेतलेला 35 हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आहे आमच्याकडं, दिंडोरी तालुक्यात सहा एकर द्राक्षबाग, फवारणीचा ब्लोअर त्यालाच जोडतो. आता झालंय असं की ओळ संपली आणि वळायला घेतलं की मागून कट् कट् कट् आवाज येतो, ट्रॅक्टर सरळ झाला की बंद. पिंपळगावला भरलेली ट्रॉली नेली तरी रोडला काहीच नाही. गॅरेजवाला म्हणतो क्राउन-पिनियन (मागच्या चाकांकडं ताकद नेणारी गिअरची जोडी) गेलं, सगळा सेट नवीन टाका. धाकटा भाऊ म्हणतो भंगारात घाला. वडील आता नाहीत, ट्रॅक्टर मला विकायचा नाही, आणि गोडी छाटणी (फळासाठीची) तोंडावर आलीय. काय करू?

उत्तर: दादा, आधी एक करा, मागचं हाउसिंग, म्हणजे गिअरची पेटी, कुणालाही खोलू देऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला क्राउन-पिनियनचा संशय सगळ्यात कमी वाटतो. क्राउन आणि पिनियन ट्रॅक्टर हलला की फिरणारच, सरळ असो की वळणावर, मग दात गेला असता तर भरलेली ट्रॉली ओढताना तो ओरडला असता ना. फक्त वळताना फिरणारी वस्तू आत एकच, क्रॉसच्या दांड्यांवर बसलेले स्टार, म्हणजे डिफरन्शियलचे छोटे गिअर, जे दोन चाकांना वेगळ्या स्पीडनं फिरू देतात. दोन्ही चाकं सारख्या स्पीडनं चालली की स्टार क्रॉसवर गप्प बसून राहतात, एक चाक मागं पडलं की मगच ते स्वतःभोवती फिरतात.

आता बागेचा हिशोब बघा. दोन ओळींत 9 फुटी गाळा आणि 200 फुटांची ओळ धरली तर एकरी 24 ओळी, म्हणजे सहा एकराच्या एका फवारणीत जवळपास 145 वेळा वळण. त्यात आपण बांधावर जागा कमी म्हणून आतल्या चाकाचा ब्रेक दाबून गर्रकन वळवतो, तेव्हा आतलं चाक जवळजवळ थांबलेलं आणि बाहेरचं दुप्पट स्पीडनं, सगळा मार त्या स्टारवर आणि त्यांच्यामागच्या पातळ वॉशरवर. म्हणून बागेतल्या ट्रॅक्टरचं आणि नुसती ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं दुखणं वेगळं असतं, हे गॅरेजवाल्यानं विचारायला पाहिजे होतं.

त्याच्याही आधी फुकटचं काम, तुमच्या मॉडेलला डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाकं एकत्र बांधणारं) असेल तर त्याचा पेडल बघा. चिखल आणि गंधक बसून पेडल अर्धवट अडकतो, स्प्रिंग ढिली पडते, मग आत लॉकचे दात एकमेकांना घासत राहतात आणि वळताना अगदी तुम्ही लिहिलाय तसाच कट् कट् आवाज देतात. पेडल धुवा, ग्रीस मारा, पायानं वर उचलून एक वळण घेऊन बघा. आवाज गेला तर पत्र लिहून कळवा, मला खूप आनंद होईल.

नाही गेला तर सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं उचला, हाउसिंगखाली लाकडी ओंडके भक्कम द्या, नुसत्या जॅकवर अजिबात विसंबू नका. इंजिन बंद, गिअर टाकलेला, ब्रेक मोकळे. एक चाक हातानं पुढं फिरवा, दुसरं उलटं फिरलं पाहिजे. फिरतच नसेल तर लॉक अडकलंय. हातातलं फिरतंय पण दुसरं हलतच नाही तर एक्सल शाफ्ट किंवा त्याच्या स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) बघायला लागतील. उलटं फिरतंय पण दर थोड्या अंतरानं हाताला अडकल्यासारखं, खडखड लागतंय, तर स्टारचा दात किंवा वॉशर. एक सांगतो, एक चाक जमिनीवर आणि एक उचललेलं असताना इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही, ट्रॅक्टर ओंडक्यावरून उडी मारतो.

मग तेल. दोन तास काम करून गरम असताना काढा, जुन्या पांढऱ्या धोतरातून गाळा आणि उन्हात धरून बघा. करड्या रंगाची मऊ पेस्ट, बोटाला चुरचुरत नाही, ती इतक्या वर्षांच्या गिअरला असणारच. पितळी चमक दिसली तर वॉशर झिजलेत. नखाएवढा तुकडा निघाला आणि त्याची एक बाजू साखरेसारखी दाणेदार, तर तो तुटलेला दात, मग मात्र खोलायचंच. तेल दुधासारखं असेल तर पावसाचं पाणी गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबरातून आत गेलंय.

खोलायची वेळ आली तर दोन्ही बाजूंचे शिम, म्हणजे अंतर जुळवायच्या पातळ चकत्या, वेगवेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर डावी-उजवी लिहून ठेवा. हे एवढ्यासाठी सांगतो की मी स्वतः तरुणपणी आमच्याच ट्रॅक्टरचे शिम एका ताटात टाकले होते, ठणठणीत क्राउन नंतर गुणगुणायला लागला आणि सेटिंग परत बसेपर्यंत पेरणी गेली. स्टार, वॉशर, क्रॉस बदलून भागत असेल तर क्राउनला हात लावू नका. आणि भंगाराचं म्हणाल तर इंजिन चांगलं असताना एवढ्यासाठी वडिलांची वस्तू द्यायची काहीच गरज नाही.

प्रश्न: मॅसी 1035 ट्रॅक्टर आहे, जुना. उजव्या चाकाचं एक्सल सील एका वर्षात तीनदा बदललं, परत तेल ब्रेकवर येतं आणि ब्रेक लागत नाही. सीलच डुप्लिकेट येतात का? (निफाड)

उत्तर: सीलला दोष देण्याआधी ब्रीदर शोधा ताई, हाउसिंगवरचं ते हवेचं छोटं भोक. ब्लोअरमागं उडालेलं औषध आणि धूळ त्यावर थापून बसते, आत तेल गरम झालं की हवेला वाट नाही, मग ती सील ढकलून तेल बाहेर काढते. डिझेलनं धुवा, तारेनं मोकळं करा. मग चाक उचलून वरून-खालून धरून हलवा, खेळ जाणवला तर बेअरिंग आधी, सील नंतर, नाहीतर चौथंही जाईल. जुनं सील जिथं घासायचं तिथं शाफ्टवर नखाला चर लागतोय का बघा, लागला तर अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या लेथवाल्याकडून शाफ्टवर स्लीव्ह (पातळ नळी) बसवून घ्या. तेलात भिजलेले ब्रेकचे लायनर उन्हात वाळवून परत वापरू नका, बदलाच. आणि या मॉडेलमध्ये हायड्रॉलिकचा पंप मागचंच तेल ओढतो, म्हणून गळती थांबावी म्हणून कुणी जाड तेल ओतायला सांगितलं तर ऐकू नका, मॅन्युअलमधलंच तेल.

प्रश्न: बी-275 ट्रॅक्टर आहे, कांद्याची ट्रॉली घेऊन राहुड घाटात चढाला मागून भुंग्यासारखा आवाज येतो, रेस सोडली की बंद. सपाटीला ठक् ठक् पण येतं कधी कधी. (देवळा)

उत्तर: हे दोन वेगळे आजार असू शकतात. ओढताना भुणभुण आणि रेस सोडल्यावर गप्प, इथं मात्र क्राउन-पिनियन किंवा पिनियनचं बेअरिंग, आधी तेलाची लेव्हल बघा. ठक् ठक् साठी चाकावर खडूनं एक रेघ मारा, मोकळ्या जागेत पहिल्या गिअरला हळू चालवा आणि कुणाला तरी बाजूनं लांबूनच चालत मोजायला सांगा. चाकाच्या एका फेऱ्यात एकच ठक् तर बुल गिअर (चाकाच्या एक्सलवरचा मोठा गिअर) किंवा एक्सल, कारण या मॉडेलमध्ये चाकाबरोबर तेच फिरतात. एका फेऱ्यात चार-पाच वेळा तर त्याच्या पुढचं, म्हणजे बुल पिनियन (बुल गिअरला फिरवणारा छोटा गिअर) किंवा क्राउन. क्राउन बदलायचा झाला तर पिनियनसकट, एकाच नंबरची जोडी, अर्धी जोडी कुणी स्वस्तात दिली तरी घेऊ नका. बसवताना दातांना ब्लू (निळा रंग) लावून छाप बघायला मेकॅनिकच्या शेजारी उभं राहा. छाप दाताच्या टोकाला आली तर पिनियन क्राउनकडं सरकवायचा, मुळाशी आली तर मागं घ्यायचा, मधोमध येईपर्यंत शिम बदलत राहायचे. दोन-चार वेळा काढ-घाल होईल, मजुरी थोडी जास्त लागेल, ती द्या. आणि तोपर्यंत घाटात भरलेली ट्रॉली नेऊ नका, उताराला तर या ट्रॅक्टरनं नाहीच.