बाबाले रिहॅबमंदी भरती करताना

भाऊ, लकव्यानंतर बाबाले रिहॅबले (थेरपी देऊन पुन्हा हिंडतं-फिरतं करतात तिथं) नेऊन राहिला हे चांगलंच करून राहिला, पहिले काही महिने लय कामाचे असतात. वर्ध्याजवळचं सावंगी असो का नागपूर, भरतीच्या आधीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राले (योजनेचा मदतनीस) विचारजो का सरकारच्या जनआरोग्य योजनेत काय बसते अन् काय नाही. बाकी पिशवीत हे ठेवजो:

- आधार, रेशन कार्ड, डिस्चार्ज कार्ड, एमआरआयच्या फिल्मा, चालू गोळ्या
- इलास्टिकचे सैल पायजमे (धोतर नोको)
- मागून बंद, न घसरणारे बूट, चपलेनं माणूस पडते

पण खरी गोष्ट सांगतो, सोबतचा माणूस रोज बदलू नोको. आज जावई उद्या पुतण्या असं केलं तं उठवाची-बसवाची रीत कोणीच धड शिकत नाही अन् घरी आल्यावर तेच लागते. लुळा हात धरून कधीच ओढू नोको, खांदा निखळू शकते. अन् मायेपोटी सगळं आपणच करून देतो ना, ते थांबवजो, शर्टाचं बटन लावाले वेळ लागला तं लागू दे, तेच तं थेरपी आहे.

घरच्या संडासच्या दाराची रुंदी आताच मोजून ठेव, व्हीलचेअर आत जाते का म्हणून रिहॅबमंदी थेरपिस्ट विचारतेच.