माळावर वीज पडून वणवा लागला तर

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर यंदा वणवा विझवायला येणार आहेस, फार बरं वाटलं. उन्हाळ्यात वळवाची वीज पडते, पाऊस चार थेंब टाकून निघून जातो आणि वाळलेलं कुसळी गवत पेट घेतं. सुरुवातीला एवढंच सांभाळ.

- धूर दिसला की आधी वन विभागाच्या १९२६ वर फोन. एकट्यानं आत जायचं नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं तरी उघड्या माळावर पाऊल टाकू नकोस.
- आगीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. नवीन पोरं हमखास तिथंच धावतात. वारा पाठीशी घे, जळून काळ्या झालेल्या बाजूनं शिर आणि कडेकडेनं पुढे सर. वारा फिरला तर त्याच काळ्या पट्ट्यात परत यायचं.
- कडुनिंबाचा ओला डहाळा घे. उंच उचलून आपटला तर ठिणग्या पलीकडच्या गवतात उडतात. ज्वाळेच्या बुडाशी दाबून जळालेल्या बाजूकडे ओढ.
- सुती कपडे, बूट, प्यायला भरपूर पाणी. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं.

ज्वाळा कमरेच्या वर गेल्या तर सरळ मागे हट. जाळरेषेचं, म्हणजे आग अडवायला गवत जाळून मोकळा पट्टा काढायचं, काम अनुभवी वनमजुरांकडे राहू दे, ते पुढं शिकशीलच.

आग विझली म्हणून लगेच निघू नकोस. वीज पडलेलं खोड आतून धुमसत राहतं, वरून काही दिसत नाही. ढोलीपाशी हाताची पाठ नेऊन ऊब बघ. धग लागली तर माती-पाणी घालून पुन्हा बघ.