मधपेट्या आणल्या तरी वांग्याची फुलगळ तशीच! (वाचक विचारतात)

मागच्या अंकात सूर्यफूल आणि मधमाश्यांवर लिहिलं होतं, त्यावर भरपूर मेसेज आले. गंमत अशी की निम्म्याहून जास्त प्रश्नांतली माशी मधमाशी नाहीच, ती आपली एकटीदुकटी रानमाशी. जगात मधमाशीच्या गोतावळ्यातल्या माश्यांच्या वीस हजारांवर जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक पोळं करत नाहीत, मध साठवत नाहीत, राणी वगैरे भानगडच नाही. म्हणून ह्यावेळी तेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न (बार्शी): ताई, तुमचं वाचून दोन मधपेट्या आणल्या. सूर्यफूल झकास भरलं. पण शेजारीच वांगं आहे, तिकडं एक माशी फिरकत नाही आणि फुलगळ तशीच. पेट्या वाढवू का?

नका वाढवू, पैसे वाया जातील. वांग्याच्या फुलात मधमाशीला घेण्यासारखं फारसं काही नसतं, मकरंद नाहीच, नुसता पराग, आणि तोही कुलूपबंद. एक ताजं फूल हातात घेऊन नीट बघा, मधे पिवळ्या पुंकेसरांचा जुडगा उभा असतो आणि प्रत्येकाच्या टोकाला बारीक भोक असतं, मीठदाणीला असतं तसं. मधमाशी वरून खरवडते, काही निघत नाही, मग ती सरळ तुमच्या सूर्यफुलाकडे जाते, तिचंही बरोबर आहे.

इथं लागते निळ्या पट्ट्यांची माशी, शास्त्रातलं नाव अमेगिला, नाहीतर मोठा काळा भुंगा. ही माशी जुडग्याला घट्ट धरते, अंग मुडपून लटकते आणि पंख जागच्या जागी ठेवून नुसते उडायचे स्नायू थरथरवते, की पराग भसकन पोटावर. सकाळी उन्हं वर आली की वांग्यात जाऊन गप उभे राहा, आवाज ऐकू येतो. उडताना साधी गूं गूं, फुलाला लटकली की एकदम चढा, बारीक झूंऽ, मग गप्प, मग पुढचं फूल. टोमॅटोचं हेच, माळावरच्या तरवडाचंही हेच. परदेशात काचघरातल्या टोमॅटोला आधी माणसं थरथरणारं यंत्र घेऊन फुलाफुलाला लावत फिरायची, आता बंबलबी नावाच्या केसाळ माशीचे खोकेच विकत आणतात. आपल्याला हे काम फुकटात होतं आणि आपण फवारून तेच मारतो!

पण सगळंच माशीवर ढकलू नका हं. वांग्यावर काही फुलांचा स्त्रीकेसर आखूड असतो, पुंकेसरांच्या आतच दडलेला, ती फुलं गळणारच, कितीही माश्या आल्या तरी. स्त्रीकेसर बाहेर डोकावणारी फुलं गळत असतील तर मात्र विचार करा. आणि वांगं वाऱ्याने हलूनही थोडंफार फळतं, माशी आली की जास्त आणि चांगलं भरतं, एवढंच म्हणणं आहे.

आता करायचं काय, तर शेंडा-फळ पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी करावीच लागली तर ती सकाळी फुलावर माशी असताना नको, संध्याकाळी उशिरा करा. दुसरं, बांध तणनाशकाने जाळू नका. ही माशी उघड्या मातीत, बांधाच्या उतारावर, जुन्या माळवदाच्या घरांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीत बीळ करते, एकेका मादीचं स्वतःचं वेगळं बीळ. वांगं नसेल तेव्हा तिला तरवड, तुळस, एकदांडी असं काहीतरी लागतं, आणि हे सगळं आपण कचरा म्हणून काढतो. तिच्यातले नर तर बिळातही झोपत नाहीत, संध्याकाळी वाळक्या काडीला जबड्याने चावा घेऊन रांगेत लटकतात, पाय सोडून, तशाच अवस्थेत रात्र काढतात. बांधावर दिसले तर काडी मोडू नका.

पेट्या ठेवायच्याच असतील तर सूर्यफूल, करडई, कांद्याच्या बियांचा प्लॉट, इथं ठेवा, तिथं त्यांचा खरा उपयोग.

प्रश्न (जुळे सोलापूर): गॅलरीच्या लाकडी पट्टीला काळ्या भुंग्याने बोटभर जाडीचं भोक पाडलंय, खाली रोज भुसा पडतो. चावतो का? लहान मूल आहे घरात.

तोंडासमोर येऊन घोंघावणारा बहुतेक नर असतो, त्याला नांगीच नसते, नुसता दम देतो. मादीला नांगी असते पण मुठीत पकडल्याशिवाय ती वापरत नाही. भोकात काय चाललंय सांगते: मादी आत लाकूड कोरत बोगदा करते, परागाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं, मग भुशाची भिंत, मग पुढची खोली. भुंग्याचं अंडं कीटकांमधल्या सगळ्यात मोठ्या अंड्यांत मोडतं, आणि म्हणूनच ती मोजकीच घालते, बोटांवर मोजता येतील इतकी. एक मारलात की बराच तोटा होतो, कारण शेवग्याच्या फुलाला, रुईला आणि तुरीला हाच भुंगा लागतो. रुईचा पराग तर सुटा नसतोच, पिशव्यांत असतो, तो अडकवून नेणारा गडी असाच दांडगा हवा.

पिल्लं बाहेर पडली की भोक बुजवा आणि पट्टीला ऑइलपेंट मारा, रंगवलेलं लाकूड त्याला आवडत नाही. आणि जवळपास एखादा जुना बांबू बांधून ठेवा, तिकडे जाईल.

प्रश्न (अक्कलकोट): तुरीला माशी लागतेच का? आमच्याकडे म्हणतात तूर आपोआप फळते.

बऱ्यापैकी फळते, खरंय. पण भुंगा किंवा पानकापी माशी फुलावर बसली की तिच्या वजनाने खालची पाकळी दबते, आतला पराग तिच्या पोटाला लागतो आणि दुसऱ्या झाडावर जातो. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे, त्यांनी तुरीचं हायब्रीड काढलं, त्याचं बियाणं ह्याच माश्यांच्या जिवावर तयार होतं, कारण तुरीचा पराग चिकट, वाऱ्याने जात नाही. ज्वारीचं उलटं, तिचा पराग वाऱ्याने उडतो.

प्रश्न (पंढरपूर): गुलाबाच्या पानांना कंपासने कापल्यासारखे गोल तुकडे पडलेत. कुठलं औषध मारू?

काही मारू नका, हीच ती वरची पानकापी माशी. तुकडे खात नाही, पोकळ काडीत नेऊन पिल्लांसाठी वळकटी करते. झाडाला काही होत नाही.

प्रश्न (होटगी रोड): दोडक्याला फुलं भरमसाट, दोडका एक नाही.

आधी नुसती नर फुलं येतात, थोडं थांबा. मादी फुलामागे बारकं दोडकं दिसतं. आणि दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा माश्या घरी गेलेल्या असतात, पतंग येतील तर येतील. गच्चीवर असाल तर दिवेलागणीला नर फूल तोडून मादी फुलावर स्वतःच टेकवा.

प्रश्न (सात रस्ता): सोसायटीच्या टाकीखाली आग्या मोहोळ आहे. सगळे म्हणतात रात्री धूर करून जाळून टाकू.

अजिबात नको! आग्या रात्रीसुद्धा उठतं, चांदण्यात तर ह्या माश्या फुलांवरही जातात. धूर केलात की आधी तुम्हीच जिन्यातून पळाल. आग्या कायमचं राहत नाही, फुलोरा संपला की स्थलांतर करतं. तोवर तिकडच्या बाजूचा लाइट रात्री बंद ठेवा, उजेडाला येऊन घरात शिरतात ना त्या, आणि टाकी धुणाऱ्याला आधी सांगून ठेवा. अगदीच धोका वाटत असेल तर न मारता मोहोळ हलवणारा जाणकार माणूस बोलवा, आणि त्या वेळी पोरांना गच्चीवर पाठवू नका.