आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. इस्राएल, कॅनडा की ऑस्ट्रेलिया, कुठे जावं?

तुमच्या प्रश्नात तुमचं वय आहे, मिस्टरांचं आहे, दोघांचे पगार आहेत, मुलगा दहावीत आणि मुलगी पाचवीत हेही आहे. सासूबाई मात्र अगदी शेवटी, ‘७४ वर्षांच्या सासूबाईही सोबत असतील’ एवढ्याच. त्या एका ओळीसाठी मी लिहायला बसलेय.

मी अलिबागच्या इस्राएल आळीतली. १९८६ पासून इस्राएलच्या वाळवंटातल्या डिमोना गावात आहे. आमचा दादा १९९१ला टोरांटोला गेला. १९९३ला बाबा गेले आणि आईनं कुणाकडे राहायचं हा विषय निघाला. दादा म्हणाला, थोरला मी आहे, माझं घर मोठं आहे, तुझ्याकडे वाळवंट आणि लढाया. आईला कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

ती तीन वर्षं टोरांटोत होती. वहिनी खरंच चांगली, आईला काही कमी पडू दिलं नाही. पण दोघं सकाळी सातला बाहेर पडत ते संध्याकाळी सहाला येत. नातवंडांचं मराठी दोन हिवाळ्यांत गेलं. सिनेगॉग चालत जाण्याच्या अंतरावर नव्हतं आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आई गाडीत पाय ठेवायची नाही. मी रविवारी फोन केला की सांगायची, “आज खिडकीतून सत्तावीस बस मोजल्या.” पुढच्या रविवारी चोवीस. जन्मभर आळीतल्या प्रत्येक घरची बातमी माहीत असलेली बाई ती.

१९९७च्या पेसाख सणाला ती महिनाभरासाठी माझ्याकडे आली. दुसऱ्याच दिवशी आम्ही बाजारात होतो. भाजी निवडताना तिचं नेहमीप्रमाणे चाललेलं, ही पालेभाजी कसली, हिचे दांडे बघ. मागून आवाज आला, “अलिबागकडच्या का हो तुम्ही?” बाई रेवदंड्याच्या. दोघी जवळच्या बाकावर बसल्या. आडनावावरून गाव निघालं, गावावरून माहेर, मग कुणाची मावशी कुणाकडे दिली तेही. मी घरी जाऊन पेसाखचा स्वयंपाक उरकून परत आले तरी त्या तिथेच. रात्री आईनं परतीचं तिकीट माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, “याचे पैसे मिळतात का बघायला सांग दादाला.”

दादा चार वर्षं माझ्याशी बोलला नाही. मी आईला फितवली असं त्याचं म्हणणं. बोलायला लागला तेव्हा पहिलं वाक्य तेच जुनं: ज्या देशाच्या रब्बींनी, धर्मगुरूंनी, १९६२ साली आपल्या लोकांना लग्नाआधी आजी-पणजीपर्यंतची मुळं दाखवायला लावली, तिथे तू आईला ठेवलंस. हे खोटं नाही. लग्नाची नोंद करताना मलाही कारकुनानं कागदांवर कागद मागितले होते, त्याचा राग अजून गेलेला नाही. पण आपल्याच लोकांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं आणि १९६४च्या ऑगस्टमध्ये बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यूच आहेत हे क्नेसेटकडून, इथल्या संसदेकडून, वदवून घेतलं. दादा गोष्ट नेहमी १९६२ला थांबवायचा.

आई इथे अठरा वर्षं जगली. हिब्रू दहा-बारा शब्दच शिकली. तिचं अडलं नाही, कारण आमच्या जिन्यातच तीन घरं मराठी होती, मलिद्याच्या विधीला बायका जमायच्या, आणि इस्राएलमधून निघणारं ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची.

आता तुमचं. कॅनडात कायमचं राहण्याच्या अर्जांना गुण देणाऱ्या एक्स्प्रेस एन्ट्रीत तिशीनंतर वयाचे गुण दरवर्षी घटतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य होतात. ऑस्ट्रेलियाच्या गुणांवरच्या व्हिसाला पंचेचाळीस झाले की दार बंद. तुमचे मिस्टर ४३ वर्षांचे आहेत. तुम्ही दोघं कसेबसे बसलातही, पण सासूबाई तुमच्या अर्जात बसत नाहीत. कॅनडात आई-वडिलांच्या स्पॉन्सरशिपसाठी चिठ्ठीत नाव निघावं लागायचं, आणि २०२० नंतर त्या चिठ्ठीत नवी नावं घेतलेलीच नाहीत; मग सुपर व्हिसावर स्वखर्चाचा विमा काढून पाहुणी म्हणून राहायचं. ज्यूंना इथे येऊन नागरिक होण्याचा हक्क देणाऱ्या इस्राएलच्या परतीच्या कायद्याला वयाची अट नाही. सासूबाई इथे स्वतःच्या हक्कानं येतील, तुमच्या मागून आलेली पिशवी म्हणून नाही. मला विचाराल तर इथेच संपलं.

तरी काही गोष्टी सांगायला हव्यात. तुमच्या मुलाला अठराव्या वर्षी सैन्याचं बोलावणं येईल, पुढे मुलीलाही. दहावीतल्या मुलाला नव्या लिपीत शाळा करायची म्हणजे छळ आहे, त्याला विचारा. इथलं नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट जातो, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, काढावं लागतं. आणि भीती खरी आहे. २०१४च्या जुलैत डिमोनावर रॉकेटं आली तेव्हा त्र्याऐंशी वर्षांच्या आईला भोंगा वाजला की मी जिन्यात नेऊन बसवायची, कारण आमच्या जुन्या इमारतीत घरात सुरक्षित खोली नाही. जून २०२५मध्ये बिरशेबाच्या सोरोका रुग्णालयावर क्षेपणास्त्र पडलं, ते आमच्यापासून तासाभराच्या आत. घर घेताना सुरक्षित खोली असलेलंच घ्या, भाडं जास्त पडलं तरी. दादाचा हा मुद्दा मी कधीच खोडू शकले नाही.

२०१५ला आई गेली तेव्हा तो आला, सात दिवस शोकाला बसला. रोज संध्याकाळी बायका येऊन आईच्या गोष्टी मराठीत सांगत होत्या, तो ऐकत होता. वाद तेव्हाही मिटला नाही.

सासूबाईंशी बोला, तुम्ही दोघं नसताना मुलांनी विचारलं तर जास्त खरं बोलतील. केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, आणि सिनेगॉगचं पत्र आत्ताच शोधून ठेवा, त्यांच्या लग्नाचं आणि तुमच्याही. येताना पोहे आणू नका, इथे मिळतात. कडवे वाल मात्र आणा. बिरड्याच्या सणाला इथले वाल भिजत घातले की अर्धे मोडच येत नाहीत.